घरचा कॅमेरा आपला, पण त्याचे खाते कोणाच्या नावावर?

यावलकर

गावाकडच्या घरांना कॅमेरे लावण्याचे प्रमाण आपल्या खान्देशात गेल्या काही वर्षांत फार वाढले आहे आणि त्याचे कारणही उघड आहे. मुले नोकरीधंद्यासाठी पुण्याला, नाशिकला किंवा सुरतेला असतात, घरी वयस्कर आईवडील असतात, आणि लग्नसराईत किंवा दिवाळीत घर चार-आठ दिवस कुलूपबंद राहते. यावल तालुक्यातल्या आमच्या घरीही नुकतेच चार कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारी पेटी, म्हणजे एक डीव्हीआर, बसवला. एक कॅमेरा रस्त्याकडे, एक ओट्यावर, एक अंगणात आणि एक मागच्या खळ्याकडे आहे. काम नीटनेटके झाले, वायरी व्यवस्थित नेल्या, रात्रीचे चित्रही चांगले दिसते. त्याबद्दल काहीही तक्रार नाही.

प्रश्न उभा राहिला तो माझ्या मोबाइलवर अ‍ॅप सुरू करून देताना. बसवणाऱ्या मुलाने डीव्हीआरवरचा क्यूआर कोड आधी स्वतःच्या मोबाइलने स्कॅन केला, चित्र येते की नाही ते पाहिले आणि मग तेथूनच ते मला शेअर केले. त्याच्या अ‍ॅपमध्ये आमच्या घराच्या वर आणि खाली परिसरातल्या इतर अनेक घरांची नावे ओळीने दिसत होती. कोणी डॉक्टर, कोणी सर, कोणाचे दुकान, आणि एका नावापुढे तर ‘जिना आतून’ असेही लिहिलेले होते. त्यातल्या कोणत्याही नावावर बोट टेकवले असते, तर त्या घरात त्या क्षणी काय चालले आहे ते दिसले असते. मुलगा सालस आहे, त्याच्या मनात काही वाकडे असेल असे मला मुळीच वाटत नाही. किंबहुना यात काही गैर आहे, हे त्याच्या गावीही नव्हते, आणि मला अधिक खटकले ते हेच.

हा मोबाइल उद्या हरवला, दुरुस्तीला गेला, किंवा हा मुलगा दुकान सोडून दुसरीकडे गेला तर? घर कधी बंद असते, आई कधी एकटी असते, कापूस विकल्यावर कोण केव्हा आले, हे सगळे एका अनोळखी हातात जाऊ शकते. परदेशातल्या हॅकरांविषयी आपण पुष्कळ वाचतो, पण मला तूर्त काळजी वाटते ती तालुक्याच्या गावातल्या या एका मोबाइलची.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. असे खाते आपल्या नावावर कसे करून घ्यावे, नुसता पासवर्ड बदलून भागते का, आणि कायदा याबाबत काय म्हणतो, हे मला समजून घ्यायचे आहे. घरातल्या माणसांना कॅमेऱ्याचा जो संकोच वाटतो, त्याबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल.

सिग्नलमास्तर, भुसावळ

यावलकर, आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. बाजारात साधारणपणे दोन प्रकारची व्यवस्था दिसते आणि दोन्हींचे उपाय निरनिराळे आहेत.

पहिल्या प्रकारात डीव्हीआर कंपनीच्या सर्व्हरवर एका खात्याखाली नोंदला जातो. ज्याने तो प्रथम नोंदवला तो मालक ठरतो आणि बाकी सर्वांना त्याने दिलेल्या परवानगीनेच चित्र दिसते. म्हणजे घर आपले, वीजबिल आपले, परंतु नोंदीप्रमाणे मालक तो मुलगा. अशा वेळी डीव्हीआरचा पासवर्ड बदलून भागेलच असे नाही. त्याच्या खात्यातून उपकरण काढून टाकायचे आणि आपल्या खात्यावर नव्याने नोंदवायचे, हाच खरा मार्ग आहे. बसवणारा समोर असतानाच हे करून घेतले तर ते चटकन होते. तो नंबर बदलून निघून गेला, की डीव्हीआरसमोर बसून खटपट करावी लागते किंवा कंपनीच्या मागे लागावे लागते.

दुसऱ्या प्रकारात, विशेषतः स्वस्त डीव्हीआरमध्ये, खात्याला फारसा अर्थच नसतो. उपकरणाचा क्रमांक आणि पासवर्ड ज्याच्याजवळ असेल, त्याला चित्र दिसते. येथे पासवर्ड बदलला की जुने सर्व मोबाइल एकदम बाहेर पडतात, ही त्यातल्या त्यात सोय. पण अशा मालाची कीर्ती काही फारशी बरी नाही. ऑस्ट्रियातल्या एसईसी कन्सल्ट या संस्थेने २०१८ मध्ये चीनच्या शिओंगमाय कंपनीच्या उपकरणांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा असे दिसले की मुख्य खात्याला मुळात पासवर्डच दिलेला नव्हता, शिवाय मालकाला ठाऊक नसलेले आणखी एक खाते आत दडलेले होते, आणि उपकरणांचे क्रमांक अंदाजाने काढता येण्यासारखे होते. त्या वेळी अशी सुमारे ९० लाख उपकरणे इंटरनेटला जोडलेली होती. ही कंपनी निरनिराळ्या नावांनी विकणाऱ्यांना माल पुरवते, त्यामुळे खोक्यावरचे नाव वाचून आत काय आहे ते कळत नाही.

खाते आपल्याकडे आले तरी एक गोष्ट हमखास राहून जाते. पासवर्ड विसरल्यास तो परत मिळवण्यासाठी डीव्हीआरमध्ये जो ई-मेल किंवा मोबाइल क्रमांक घातलेला असतो, तो बहुधा बसवणाऱ्याचाच असतो. तो तसाच राहिला, तर आपण कितीही अवघड पासवर्ड ठेवा, त्याला नवा मागवता येतो. म्हणून टीव्ही किंवा मॉनिटर जोडून डीव्हीआरच्या मेनूमध्ये शिरावे, वापरकर्त्यांची यादी उघडावी आणि आपल्या ओळखीचे नसलेले प्रत्येक नाव काढून टाकावे. अनेक डीव्हीआर कोणी केव्हा आणि कोठून प्रवेश केला याची नोंदही ठेवतात. ती एकदा शांतपणे वाचून पाहावी, पुष्कळ उलगडा होतो.

राउटरकडेही लक्ष द्यायला हवे. पूर्वी कॅमेरा बाहेरगावाहून पाहायचा असेल तर राउटरमध्ये ५५४, ८००० किंवा ३७७७७ असे पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याची दारे, कायमचे उघडून ठेवत असत, आणि ते पोर्ट साऱ्या जगाला उघडे दिसत. आता बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांमध्ये मिळून इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता वापरतात, त्यामुळे ती पद्धत मागे पडली आणि सर्व्हरमार्गे चालणारी अ‍ॅप रुळली. तरीही ज्यांचा डीव्हीआर जुना आहे त्यांनी हे पोर्ट बंद करून घ्यावेत. राउटरमध्ये यूपीएनपी नावाची सोय असते, तिच्यामुळे उपकरणे आपणहून पोर्ट उघडतात, तीही बंद करावी. जमल्यास कॅमेऱ्यांना पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर ठेवावे, म्हणजे कॅमेऱ्यात शिरलेला माणूस घरातल्या संगणकापर्यंत सहज पोचत नाही.

शिरपूरकर

माहिती चांगली आहे, परंतु थोडी भीतीही अधिक वाटते. आमच्या दारासमोरून दिवसभरात दोन म्हशी, दूधवाला आणि शाळेची रिक्षा जाते. हे पाहण्यासाठी कोण कशाला खटाटोप करील? चोरीची भीती खरी आहे, ती कॅमेऱ्यामुळे कमी होते, एवढे मला पुरेसे वाटते.

सिग्नलमास्तर, भुसावळ

शिरपूरकर, पाहणारा माणूसच असतो असे आपण धरून चालला आहात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, तेव्हा कोणाचे घर आहे याच्याशी त्याला काहीही देणेघेणे नव्हते. कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या तो एकामागून एक लावून पाहत असे आणि ज्या उपकरणाला त्या लागू पडत ते त्याच्या सैन्यात भरती होई. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी याच उपकरणांकडून, वेबसाइटांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास कोलमडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना मात्र दारातले चित्र नेहमीसारखेच दिसत होते.

माणसे पाहतात तेव्हाचे उदाहरण अधिक जवळचे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहात स्त्रियांची तपासणी होत असतानाचे चित्रण यूट्यूबवर नमुना म्हणून आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन विकले जात असल्याचे उघडकीस आले. पोलीस तपासात असेच इतर अनेक ठिकाणचे कॅमेरेही निघाले. कमकुवत पासवर्ड हा त्यातला मोठा दुवा होता.

आणि यावलकरांच्या मूळ प्रश्नाला तंतोतंत लागू पडणारे प्रकरण अमेरिकेतल्या टेक्सासचे आहे. एडीटी या मोठ्या सुरक्षा कंपनीचा एक तंत्रज्ञ ग्राहकांकडे कॅमेरे बसवताना त्यांच्या खात्यात स्वतःचा ई-मेल जोडून ठेवत असे. काही ग्राहकांना तो सांगे की तपासणीपुरते जोडतो आहे, काहींना काहीच सांगत नसे. सुमारे साडेचार वर्षांत त्याने २०० हून अधिक ग्राहकांच्या घरात ९,६०० हून अधिक वेळा डोकावून पाहिले, विशेषतः स्त्रिया असलेल्या घरांत. जानेवारी २०२१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला ५२ महिन्यांची शिक्षा झाली. येथे कोणतेही कुलूप तोडले गेले नव्हते, कोणताही पासवर्ड फोडला गेला नव्हता.

चार चॅनल, चाळीसगाव

मी कॅमेरे बसवण्याचाच धंदा करतो, म्हणून आमचीही बाजू मांडतो. ग्राहकाला पासवर्ड लिहून दिला तर तो कागद दिवाळीच्या आवराआवरीत जातो. वैशाखात वादळ झाले, वीज गेली, राउटर जळाला, मुलाने नवा आणून वायफायचे नाव बदलले, की रात्री अकराला फोन येतो की तुमचा कॅमेरा बंद पडला. तीस-चाळीस किलोमीटर जाऊन पाहिले तर डीव्हीआरची पिन निघालेली असते, आणि येण्याजाण्याचे पेट्रोल मागितले तर ग्राहक नाराज होतो. मोबाइलवर त्याचे घर जोडलेले असले तर मला दुकानातून कळते की नेट गेले आहे की कॅमेरा. सगळ्यांचा पासवर्ड एकसारखा ठेवण्याचे कारणही हेच आहे. दोष आमच्या माथी मारणे सोपे आहे, परंतु खाते स्वतःच्या नावावर ठेवा असे मी स्वतः सांगितले तेव्हा ‘तुम्हीच ठेवा भाऊ, आम्हाला काय कळते त्यातले’ असे उत्तर देणारे ग्राहकच अधिक भेटले आहेत.

सिग्नलमास्तर, भुसावळ

चार चॅनलभाऊ, आपली अडचण खरी आहे आणि फुकट सेवेची अपेक्षा चुकीची आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु सर्वांना एकच पासवर्ड ठेवण्याचे समर्थन यातून होत नाही. एका ग्राहकाच्या मुलाने तो पासवर्ड पाहिला, तर त्याला आपल्या सर्व ग्राहकांची घरे पाहता येण्याची शक्यता निर्माण होते. मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या अमेरिकी कंपनीचे हेच झाले. सगळीकडे चालणाऱ्या एका वरिष्ठ खात्याची माहिती इंटरनेटवर उघडी राहिली आणि तिच्या आधारे रुग्णालये, शाळा, तुरुंग, कारखाने अशा ठिकाणच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत बाहेरची माणसे पोचली. आपला मोबाइल ही त्याचीच तालुक्यापुरती आवृत्ती आहे.

माझ्या मते सेवेचे पैसे उघडपणे घ्यावेत, वार्षिक करार करावा, आणि डीव्हीआरमध्ये आपल्यासाठी मर्यादित अधिकाराचे वेगळे नाव तयार करून घ्यावे, ज्यातून सेटिंग पाहता येईल परंतु घरातले चित्र आणि जुने रेकॉर्डिंग उघडणार नाही. बऱ्याच डीव्हीआरमध्ये ही सोय असते. आणि काम झाल्यावर ग्राहकासमोर स्वतःच्या मोबाइलवरून त्याचे घर काढून दाखवावे. जो दुकानदार हे करील त्याची गावात ख्याती होईल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बोरीकाठची लेक, अमळनेर

येथपर्यंत चर्चा बाहेरच्यांविषयी झाली. मला घरातल्यांविषयी लिहायचे आहे.

माझ्या भावाने सुरतेहून आईच्या काळजीपोटी अंगणात आणि ओसरीवर कॅमेरे लावले. त्यात बोलण्याचीही सोय आहे. तो दुपारी मध्येच कॅमेऱ्यातून ‘आई, गोळी घेतली का?’ असे विचारतो, आणि ती प्रत्येक वेळी दचकते. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा माणसे अंगणात खाटा टाकून झोपतात आणि न्हाणीतून ओले केस मोकळे सोडून बाहेर येतात. आईने हे सगळे हळूहळू बंद केले. ती आता उकाड्यात आतल्या खोलीत झोपते. भावाला वाटते की तिला अंगणात झोपण्याची भीती वाटू लागली आहे, आणि ती त्याला खरे कारण सांगत नाही, कारण त्याला वाईट वाटेल.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही बहिणी माहेरी गेलो तेव्हा हे लक्षात आले. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. बिबडे करताना जे बोलणे होते ते चार भिंतींच्या आतले असते. कोणाच्या सुनेचे, कोणाच्या दवाखान्याचे, कोणाच्या नवऱ्याच्या पिण्याचे. त्यातल्या एकीने वर पाहून विचारले, ‘याच्यात बोलनंबी ऐकू येस का?’ येते, हे ऐकल्यावर गप्पा तेथेच थांबल्या. त्या बायकांनी कोणत्याही कॅमेऱ्याला संमती दिलेली नव्हती. त्यांचे बोलणे सुरतेच्या एका मोबाइलवर, शिवाय सर्व्हर जेथे असेल तेथे, साठवले जात होते. भावजयीलाही ते अ‍ॅप दिलेले आहे, हे तर आम्हाला त्याच दिवशी कळले.

आम्ही भावाशी बोललो आणि अंगणातला कॅमेरा काढून फाटकावर, बाहेरच्या तोंडाने लावला. ओसरीवरच्या कॅमेऱ्याचा माइक बंद केला आणि चित्रात न्हाणीचा जो भाग येत होता त्यावर काळी पट्टी टाकली. ‘प्रायव्हसी मास्क’ या नावाने ही सोय सेटिंगमध्ये असते आणि झाकलेला भाग रेकॉर्डही होत नाही. बसवणाऱ्याने ती आपणहून सांगितली नव्हती. काळजी घ्यायची असेल तर दिवसातून दोनदा फोन करावा, असे आईचे मत आहे आणि मला ते पटते.

पांझराकाठ, धुळे

मी वकिली करतो. कायद्यासंबंधी विचारणा झाली आहे म्हणून लिहितो, मात्र प्रत्येक प्रकरण आपापल्या तपशिलावर ठरते हे ध्यानात ठेवावे.

स्वतःच्या दारावर कॅमेरा लावण्यासाठी परवाना लागत नाही. परंतु २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि तेव्हापासून घरगुती भांडणातही या हक्काचा आधार घेतला जाऊ लागला आहे. खान्देशात भावाभावांचे सामाईक वाडे पुष्कळ आहेत, म्हणून कलकत्ता उच्च न्यायालयाचा २०२५ चा एक निर्णय मुद्दाम सांगतो. एकाच वडिलोपार्जित घरात राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाने राहत्या भागात कॅमेरे लावले. घरातल्या मौल्यवान वस्तूंच्या रक्षणासाठी ते हवेत, असे त्याचे म्हणणे होते. सहनिवाशाच्या संमतीवाचून राहत्या भागात असे कॅमेरे चालवता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्याविरुद्धची याचिका फेटाळली. सामाईक अंगणात एका भावाने लावलेला कॅमेरा दुसऱ्याच्या चुलीपर्यंत पाहत असेल, तर त्याने हा निर्णय आपल्या वकिलाला अवश्य दाखवावा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यात व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला सूट आहे, त्यामुळे घरमालकाला या कायद्याची झळ सहसा लागणार नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. मात्र धंद्याच्या निमित्ताने ज्याच्या मोबाइलमध्ये अनेकांच्या घरांची चित्रे येतात, त्याला ‘घरगुती वापर’ या शब्दांचा आडोसा घेता येणार नाही, असे माझे मत आहे. चार चॅनल यांनी याचा विचार करावा. शिवाय मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या उपकरणात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. कोणाच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीवाचून टिपणे किंवा पसरवणे यासाठी कलम ६६ई आहे, आणि स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे किंवा टिपणे यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आहे. तक्रार जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. तक्रारीपूर्वी डीव्हीआरमधली प्रवेशाची नोंद जपून ठेवावी, रागाच्या भरात सगळे रीसेट करून टाकू नये.

बोरीकाठच्या ताईंनी आवाजाचा मुद्दा काढला तो महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या न्यायालयात २०२१ मध्ये शेजाऱ्याच्या दारावरच्या कॅमेऱ्याचा वाद गेला होता, तेव्हा चित्रापेक्षा दूरवरचे संभाषण टिपले जाणे न्यायालयाला अधिक आक्षेपार्ह वाटले. तो निर्णय आपल्याकडे बंधनकारक नाही, परंतु त्यातला तर्क मला योग्य वाटतो. चोर ओळखायला चेहरा पुरतो, त्यासाठी गल्लीतले बोलणे ऐकण्याची गरज नसते.

पिलबाग, रावेर

शेतातल्या कॅमेऱ्यांचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. मोटारी, केबल आणि ठिबकच्या नळ्या चोरीला जाण्याला आम्ही सगळे कंटाळलो आहोत, त्यामुळे सौर पॅनेलवर चालणारे, सिम कार्ड घालायचे, चहूकडे फिरणारे कॅमेरे विहिरीजवळ खांबावर दिसू लागले आहेत. त्यातली सिम बऱ्याचदा विकणाऱ्याच्याच नावावर असते. म्हणजे यावलकरांचा प्रश्न येथे खात्यापुरता न राहता सिमपर्यंत जातो. दुकानदाराने रिचार्ज थांबवले की आपला कॅमेरा आंधळा, आणि भांडण झाले तर चित्रण कोणाचे यावरून वाद. सिम आपल्याच नावावर घ्यावी.

दुसरी गोष्ट लिहायला संकोच वाटतो, परंतु ती लिहायला हवी. केळीच्या बागेत निंदणीला आणि घड कापणीच्या वेळी बायका दिवसभर कामाला असतात. शेतात स्वच्छतागृह नसते. त्या बागेचा आडोसा घेतात. खांबावरचा फिरणारा कॅमेरा कोणत्या क्षणी कोठे वळेल, हे त्यांना कळण्याचा काहीही मार्ग नाही, आणि हलणारी वस्तू दिसली की अशा कॅमेऱ्यांपैकी पुष्कळ आपणहून तिच्या मागे फिरतात. वर पांझराकाठ यांनी कलम ७७ सांगितले आहे. कोणाचा हेतू वाईट नसला तरी ते चित्रण मालकाच्या, त्याच्या मुलांच्या आणि कदाचित दुकानदाराच्या मोबाइलवर साठते. माझ्या बागेत मी फिरण्याची सोय बंद करून कॅमेरा फक्त विहीर आणि स्टार्टरच्या पेटीवर कायम रोखून ठेवला आहे आणि कामाला येणाऱ्या सर्वांना तो दाखवून दिला आहे. मजूर असताना दिवसा तो बंदच असतो, कारण चोर रात्री येतो.

सुवर्णनगरी, जळगाव

आमचे घर दुकानाच्या वर आहे, म्हणून दोन्हींचा विचार करावा लागतो. चोर जाताना डीव्हीआरच उचलून नेतात, अशा बातम्या आपण सगळेच वाचतो. त्यामुळे कंपनीच्या क्लाउडवर रेकॉर्डिंग ठेवण्याचा सल्ला मिळतो. परंतु क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या घरातली हार्ड डिस्कच झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या अमेरिकी कंपनीच्या सेवेत बिघाड झाला तेव्हा सुमारे १३,००० ग्राहकांना इतरांच्या कॅमेऱ्यांतली चित्रे दिसली. ‘सगळे तुमच्या घरातच साठते’ असे सांगणाऱ्या युफीच्या कॅमेऱ्यातून चित्रे सर्व्हरवर जात असल्याचे २०२२ च्या अखेरीस एका संशोधकाने दाखवले. रिंगच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांचे चित्रण पाहिल्याच्या आरोपावरून त्या कंपनीला २०२३ मध्ये ५८ लाख डॉलर मोजावे लागले. मला यातून मधला मार्ग बरा वाटला. डीव्हीआर गल्ल्याजवळ न ठेवता भिंतीतल्या कुलूपबंद लोखंडी पेटीत ठेवावा, त्याला इन्व्हर्टरची जोड द्यावी, आणि क्लाउडवर केवळ दाराबाहेरचा एक कॅमेरा ठेवावा.

नवीन खरेदी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ९ एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक चाचण्या सक्तीच्या झाल्या आहेत. दुकानदाराला त्या मॉडेलचे प्रमाणपत्र विचारावे. जुना शिल्लक माल स्वस्तात मिळतो, तेथे सावध राहावे. अर्थात प्रमाणित कॅमेऱ्याचे खातेसुद्धा बसवणाऱ्याच्या नावावर उघडता येतेच.

यावलकर

सर्वांचे आभार. सिग्नलमास्तरांनी लिहिल्याप्रमाणे त्या मुलाला पुन्हा बोलावले, चहा पाजला आणि त्याच्या मोबाइलवरून आमचे घर काढून माझ्या खात्यावर नोंदवून घेतले. परत मिळवण्याचा ई-मेल खरोखर त्याचाच निघाला, तोही बदलला. त्याने तक्रार केली नाही, उलट इतर ग्राहकांचे काय करावे असे विचारले, तेव्हा त्याला हा धागा पाठवला आहे. अंगणातल्या कॅमेऱ्याबद्दल आईला आता विचारले. ती म्हणाली, ‘खळ्याकडचा राहू दे, अंगणातला काढ.’ तो काढतो आहे.

एक शंका उरली आहे. आमच्या चुलत्यांकडे जुना डीव्हीआर आहे. नवा घेताना दुकानदार तो बदल्यात घ्यायला तयार आहे. देण्यापूर्वी काय करावे?

सिग्नलमास्तर, भुसावळ

जिभाऊ, डीव्हीआर द्या, हार्ड डिस्क देऊ नका. फॅक्टरी रीसेट केल्याने सेटिंग जातात, रेकॉर्डिंग बहुधा डिस्कवर तसेच राहते, आणि नुसते फॉरमॅट केलेले चित्रणही साधनांनी परत काढता येते. कॅमेऱ्यांची संख्या आणि चित्राचा दर्जा यांनुसार आठवड्यापासून महिन्यापर्यंतचे घरातले सगळे येणेजाणे त्या डिस्कवर असते. चार स्क्रू काढले की ती सुटते, ती घरी ठेवावी किंवा निकामी करून टाकावी. वायफाय कॅमेरा असेल तर त्यातले मेमरी कार्डही काढून घ्यावे.

त्याआधी अ‍ॅपमधून तो डीव्हीआर काढून टाकायला विसरू नका. तो चुलत्यांच्या खात्यावर राहिला आणि दुकानदाराने पुढे चोपड्याच्या किंवा पारोळ्याच्या कोणाला विकला, तर त्या माणसाला तो आपल्या नावावर नोंदवता येणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याचे घर तुमच्या चुलत्यांच्या मोबाइलवर दिसू लागेल.